ठपका कोणी कोणावर ठेवावा : इंग्रजीतील नापसंतीच्या शब्दांविषयी

काही वर्षांपूर्वी एका परदेशी प्रकाशनसंस्थेकडे माझे अनुवादाचे मानधन अडकले होते. तीन स्मरणपत्रांना उत्तर आले नाही, तेव्हा चौथ्या पत्रात जरा कडक भाषा वापरावी असे ठरवून मी शब्दकोश उघडला. मला 'कानउघाडणी'च्या तोडीचा शब्द हवा होता. कोशाने 'रिप्रिमँड' पुढे केला, त्यापुढे 'कानउघाडणी करणे, ठपका ठेवणे' असे अर्थ दिले होते आणि मी निःशंक मनाने लिहून टाकले की, या दिरंगाईबद्दल मी आपल्या कार्यालयाला रिप्रिमँड करतो. उत्तर दोन दिवसांत आले. ते अतिशय सभ्य होते, त्यात दिलगिरीही होती, पण लिहिणाऱ्याने कुठेतरी हसू दाबून धरल्याचा भास मला झाला. पुढे इंग्रजीत मुरलेल्या एका स्नेह्याला ते पत्र दाखवले तेव्हा तो मात्र हसू दाबू शकला नाही. रिप्रिमँड वरिष्ठ करतो, कनिष्ठ नाही. बाहेरचा माणूस तर नाहीच. माझ्या वाक्याचा सूर एखाद्या याचकाने दात्याला कारणे दाखवा नोटीस बजावावी असा झाला होता.

इंग्रजी शिकताना हे शब्द आपल्याला बहुधा तीव्रतेच्या चढत्या क्रमाने शिकवले जातात : अमुक सौम्य, तमुक मध्यम, तिसरा जहाल. ही उतरंड खोटी नाही, पण अपुरी आहे. नापसंती दाखवणाऱ्या इंग्रजी क्रियापदात बोलणारा कोण, ऐकणारा कोण, दोघांत वरचढ कोण आणि तिसरे कोणी ऐकत आहे काय, एवढा ऐवज भरलेला असतो. मराठीत यातले बरेचसे काम सर्वनामे आणि आदरार्थी बहुवचन करतात. 'आपण हे करायला नको होते' आणि 'तू हे करायला नको होतेस' या दोन वाक्यांत नाते आपोआप उघड होते. इंग्रजीत लहानथोर सगळ्यांना एकच 'यू' पुरते, म्हणून नात्याचे ओझे क्रियापदाच्या पाठीवर येते, असा माझा समज आहे. भाषाशास्त्रज्ञ याला कितपत मान्यता देतील कोण जाणे, पण अनुवाद करताना हा समज मला वारंवार उपयोगी पडला आहे.

'रिप्रिमँड'चे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ 'दाबून धरण्याजोगी गोष्ट' असा होतो. सैन्यात, सरकारी सेवेत, व्यावसायिक परिषदांत रिप्रिमँड दिला जातो, त्याची नोंद राहते आणि पुढे बढतीच्या वेळी ती नोंद डोके वर काढते. 'रिब्यूक'ला नोंदवही लागत नाही. तो तोंडावर आणि पुष्कळदा चारचौघांत दिला जातो. मात्र देणाऱ्याकडे पद किंवा निदान नैतिक वजन असावे लागते. या शब्दाच्या जुन्या फ्रेंच मुळात लाकूड तोडणे, घाव घालून मागे हटवणे अशी कल्पना आहे, आणि आजही एखाद्याला रिब्यूक मिळाला म्हटले की तो दोन पावले मागे सरकल्याचे चित्र उभे राहते. 'अ‍ॅडमॉनिश' यांहून शांत आहे. सावध करणे हा त्याच्या लॅटिन धातूचा अर्थ, 'मॉनिटर' हा शब्दही त्याच धातूपासून आलेला. आपल्याकडे 'समज देऊन सोडले' असे म्हणतात, तो नेमका हा अर्थ होय. स्कॉटलंडच्या न्यायालयांत तर दोषी ठरलेल्याला खरोखरच अ‍ॅडमॉनिशन देऊन सोडता येते. दोष नोंदला जातो, पण दंड किंवा तुरुंगवास होत नाही.

या कुटुंबातला मला सर्वांत जवळचा वाटणारा शब्द 'रिप्रोच' हा आहे. त्याला अधिकार लागत नाही, आपलेपणा लागतो. ज्याच्याकडून अपेक्षा होती त्याने ती मोडली, म्हणून दुखावलेल्या माणसाने लावलेला बोल म्हणजे रिप्रोच. तो अनेकदा शब्दांवाचूनही व्यक्त होतो. इंग्रजी कथा-कादंबऱ्यांत पात्रे एकमेकांकडे रिप्रोचने भरलेल्या नजरेने पाहत असतात, रिप्रिमँडने भरलेल्या नजरेने कोणी पाहत नाही. माणूस स्वतःलाही बोल लावू शकतो, म्हणून 'सेल्फ-रिप्रोच' हा शब्द आहे. पण स्वतःचा वरिष्ठ स्वतःला होता येत नाही, त्यामुळे 'सेल्फ-रिप्रिमँड' सहसा कोणी म्हणत नाही. कोशात हे दोन्ही शब्द 'दोष देणे' या एकाच छपराखाली नांदतात.

'स्कोल्ड' म्हणजे रागावणे, आणि ते मुख्यतः मुलांच्या वाट्याला येते. प्रौढ माणसाला कोणी स्कोल्ड केले असे लिहिले, तर त्याला लहान मूल समजून वागवले असा अर्थ त्यातून निघतो. हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतील 'स्काल्ड' म्हणजे कवी या शब्दाशी जोडला जातो. तिथले कवी निंदाकाव्येही रचत, त्यामुळे हा प्रवास कल्पनेपलीकडचा नाही. इंग्रजीत मात्र तो आधी नाम म्हणून वावरला आणि बहुतेक वेळा भांडखोर, कजाग बाईसाठी वापरला गेला. इंग्लंडच्या पारंपरिक कायद्यात 'कॉमन स्कोल्ड' असणे, म्हणजे सततच्या कटकटीने शेजाऱ्यापाजाऱ्यांची शांतता भंग करणे, हा गुन्हा होता आणि अशा स्त्रीला खुर्चीला बांधून पाण्यात बुचकळत असत. कायद्याच्या पुस्तकातून हा गुन्हा अधिकृतपणे गेला तो थेट १९६७ साली. पुरुषांच्या कटकटीसाठी असा गुन्हा कोणी ठरवला नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

व्यक्तींकडून संस्थांकडे वळलो की 'सेन्शर' भेटतो. प्राचीन रोममध्ये 'सेन्सॉर' नावाचा अधिकारी शिरगणती करी आणि नागरिकांच्या वर्तनावरही लक्ष ठेवी. 'सेन्सस', 'सेन्सॉर' आणि 'सेन्शर' हे तिन्ही शब्द तिथून आले. मराठी वाचकाच्या डोक्यात 'सेन्सॉर' म्हणजे कात्री हा अर्थ पक्का बसलेला असल्यामुळे एखाद्या नेत्याला सेन्शर केले, याचा अनुवाद त्याच्या भाषणाला कात्री लावली असा झालेला मी पाहिला आहे. सेन्शरमध्ये काहीही कापले जात नाही. सभागृह एकत्र येते, ठराव करते आणि अमुक वर्तन आम्हाला अमान्य आहे असे नोंदवते, एवढेच. अमेरिकी सेनेटने १८३४ साली राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्यावर असा ठपका ठेवला, आणि १८३७ मध्ये जॅक्सनसमर्थकांचे बहुमत होताच तो कामकाजातून काढून टाकला. नुसत्या शब्दांचा ठराव पुसण्यासाठी तीन वर्षे झगडावे लागते, यावरूनच त्या शब्दाची मातब्बरी कळते. सेनेटर जोसेफ मॅकार्थी यांचे प्रकरण याहून मजेशीर आहे. २ डिसेंबर १९५४ रोजी ६७ विरुद्ध २२ मतांनी त्यांच्याविरुद्ध ठराव संमत झाला, आणि इतिहासाच्या पुस्तकांत सर्रास त्याला सेन्शर म्हटले जाते. पण ठरावाच्या अंतिम शब्दरचनेत क्रियापद आहे ते 'कंडेम'. त्यामुळे हा सेन्शर म्हणायचा की नाही, यावर तेव्हा वादही झडला.

'कंडेम' आणि 'डिप्लोर' या जोडीने मला अनुवादात सर्वाधिक छळले आहे. मराठी वृत्तपत्रांत दोन्हींसाठी 'निषेध' हा एकच शब्द वापरला जातो. राजनयाच्या भाषेत मात्र या दोन शब्दांमधले अंतर मोजून वापरले जाते. 'कंडेम'मध्ये लॅटिनमधील दोषी ठरवण्याची क्रिया आहे. न्यायाधीशाने निकाल द्यावा तसा तो शब्द आहे. 'डिप्लोर'चा मूळ अर्थ ढसाढसा रडणे असा आहे. त्यात दुःख आहे, नापसंतीही आहे, पण निकालपत्र नाही. इराकने कुवेतवर आक्रमण केले त्याच दिवशी, २ ऑगस्ट १९९० रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने संमत केलेल्या ६६० क्रमांकाच्या ठरावात त्या आक्रमणासाठी 'कंडेम' आहे. २ मार्च २०२२ रोजी आमसभेने युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणाबाबत ठराव केला, त्याच्या बाजूने १४१, विरोधात ५ मते पडली आणि ३५ देश तटस्थ राहिले. त्यात मात्र आक्रमणासाठी 'डिप्लोर' हे क्रियापद आहे, आणि त्याच्या जोडीला 'कठोरातील कठोर शब्दांत' अशी पुस्ती आहे. क्रियापद एक पायरी खाली आणि क्रियाविशेषण सर्वांत वर, अशी ती रचना आहे. दोन्हींचे भाषांतर 'तीव्र निषेध' असे केले की मसुदा लिहिणाऱ्यांनी घासाघीस करून साधलेला तोल एका फटक्यात नाहीसा होतो. मी हल्ली 'कंडेम'साठी 'निषेध' राखून ठेवतो आणि 'डिप्लोर'साठी 'तीव्र खेद व नापसंती' असे लांबलचक लिहितो. संपादक कुरकुरतात, कारण ते मथळ्यात मावत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे : कंडेम माणसालाही करता येते, डिप्लोर मात्र कृतीला किंवा परिस्थितीला करायचे असते.

रडण्याचा विषय निघालाच आहे तर प्रार्थनेचाही उल्लेख करतो. 'डेप्रिकेट' म्हणजे मुळात प्रार्थना करून संकट टाळणे. पुढे त्याचा अर्थ नापसंती दर्शवणे असा झाला. आज हा शब्द सर्वांत जास्त भेटतो तो संगणकाच्या आज्ञावलीत. तिथे एखादी सोय 'डेप्रिकेटेड' आहे म्हटले की ती अजून चालते, पण यापुढे तिच्यावर विसंबू नका, असा अर्थ असतो. इतकी सभ्य नापसंती माणसांच्या व्यवहारातही विरळाच.

मथळ्यांच्या भाषेत अर्थातच सभ्यतेला जागा नसते; तिथे मारझोड चालते. 'लॅम्बेस्ट' या शब्दाचे दोन्ही तुकडे बडवण्याचेच अर्थ सांगतात. 'फ्ले' म्हणजे कातडी सोलणे, 'एक्स्कोरिएट'मध्येही लॅटिन 'कातडे' आहे, आणि मराठीत आपण सालटी काढतो, झोडपतो, खरडपट्टी काढतो, तेव्हा या बाबतीत दोन्ही भाषा सारख्याच हिंस्र आहेत. 'डेनिग्रेट' म्हणजे शब्दशः काळे करणे, आपला काळिमा फासणे. 'कॅस्टिगेट' तेवढा वेगळा निघतो : त्याच्या मुळाशी 'शुद्ध' हा अर्थ आहे, चोपून काढणे हे शुद्ध करण्यासाठी असते अशी त्यामागची श्रद्धा. आणि 'डिस्पॅरेज' म्हणजे जुन्या फ्रेंचमध्ये एखाद्याचे लग्न त्याच्या बरोबरीच्या नसलेल्या घराण्यात लावणे. कमी लेखण्याची ही कल्पना समजावून सांगायला मराठी वाचकाला फार कष्ट पडू नयेत.

बारीकसारीक दोष काढण्यासाठी इंग्रजीत 'कार्प', 'कॅव्हिल', 'क्विबल' असे शब्द आहेत. रोजच्या वापरात 'निटपिक' पुरतो. निट म्हणजे लीख. डोक्यातून लिखा वेचणारी बोटे त्या शब्दात आहेत, आणि आपले 'खुसपट काढणे' त्याला अगदी चपखल बसते.

आता मूळ शब्दाकडे येतो. 'क्रिटिसाइझ'चा ग्रीक धातू वेगळे करणे, निवडणे, निर्णय करणे या अर्थाचा आहे. 'क्रायसिस' आणि 'क्रायटेरियन' हे त्याचेच भाऊबंद. म्हणजे धान्य पाखडणाऱ्या सुपासारखी ही क्रिया आहे, फोल बाजूला काढायचे तसे सकसही राखायचे. व्यवहारात मात्र फक्त फोल दाखवणे शिल्लक राहिले. आपल्या 'टीका' या शब्दाचे हेच झाले आहे आणि हा योगायोग मला फार विलक्षण वाटतो. संस्कृतात टीका म्हणजे ग्रंथाचा अर्थ उलगडणारे विवरण. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवर टीका केली, हे वाक्य आपण आदराने म्हणतो. पण हेच वाक्य उद्याच्या वर्तमानपत्रात एखाद्या मंत्र्याचे नाव घालून छापले, तर संध्याकाळपर्यंत मोर्चे निघतील. इंग्रजीने या घसरणीवर एक उपाय शोधला. दोष दाखवण्यासाठी 'क्रिटिसाइझ' ठेवून समतोल परीक्षणासाठी फ्रेंचमधून आलेला 'क्रिटीक' पुढे आणला. मराठीने तेच काम 'समीक्षा' या शब्दाकडे सोपवले. तरीही घोटाळा पूर्ण मिटत नाही. चित्रपट 'क्रिटिकली अक्लेम्ड' असला तर तो समीक्षकांनी नावाजलेला असतो, एखादा समीक्षक त्या चित्रपटाविषयी 'क्रिटिकल' असला तर त्याला तो आवडलेला नसतो, आणि रुग्णाची प्रकृती 'क्रिटिकल' असली तर तिथे टीकेचा संबंधच नसतो.

याच क्रियापदापाशी आपण मराठी माणसे आणखी एका ठिकाणी अडखळतो. आपण कोणा'वर' टीका करतो, म्हणून इंग्रजीतही 'क्रिटिसाइझ ऑन' लिहून बसतो. इंग्रजीत क्रिटिसाइझला मध्ये काही लागत नाही, माणूस थेट कर्म होतो आणि कारण 'फॉर'ने जोडले जाते. 'अक्यूझ'ला 'ऑफ', 'चार्ज'ला 'विथ', 'ऑब्जेक्ट'ला 'टू' अशी ज्याची त्याची सोयरीक ठरलेली आहे आणि ती पाठ करण्यावाचून मार्ग नाही. 'ब्लेम' मात्र दोन्ही बाजूंनी वापरता येतो. माणसाला चुकीसाठी ब्लेम करा, अथवा चूक माणसावर ब्लेम करा. पहिले म्हणजे दोष देणे आणि दुसरे म्हणजे डोक्यावर खापर फोडणे. (हा 'ब्लेम' देवनिंदेच्या 'ब्लास्फीम'चा सख्खा भाऊ आहे, हे कळल्यापासून मी तो जरा जपून वापरतो.) सर्वांत फसवा आहे तो 'डिसअप्रूव्ह'. 'ऑफ' लावला तर तो मनातली नापसंती सांगतो : मला तुमचा बेत रुचत नाही, पण तुम्ही तो पार पाडू शकता. 'ऑफ' गाळला तर मी अधिकारी झालो आणि तुमचा प्रस्ताव नामंजूर केला. एका दोन अक्षरी शब्दयोगी अव्ययाने मत आणि हुकूम यांच्यातला फरक पडतो.

इथवरचे शब्द निदान आपण नापसंतीचे आहोत हे लपवत नाहीत. ब्रिटिश इंग्रजीतील खरी टीका पुष्कळदा कौतुकाच्या किंवा नम्रतेच्या वेषात येते. अमेरिकी माणसाने 'क्वाइट गुड' म्हटले तर काम चांगलेच जमले. ब्रिटिश माणसाने तेच म्हटले तर बहुधा 'ठीक आहे, पण' असा अर्थ असतो आणि त्या 'पण'नंतरचे आपण समजून घ्यायचे असते. न्यायालयात वकील 'विथ रिस्पेक्ट' म्हणून बोलायला लागला की तो न्यायाधीशांशी असहमत आहे, 'विथ ग्रेट रिस्पेक्ट' म्हटले की त्याच्या मते न्यायाधीश चुकत आहेत, आणि 'विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट' आले की पुढचे न बोललेलेच बरे. आदर जसजसा वाढतो तसतसा तो घटत असतो. ब्रिटिश संसदेत सदस्याला खोटारडा म्हणता येत नाही, त्यामुळे तिथे आडवळणाची कला फोफावली. १९०६ साली विन्स्टन चर्चिल यांनी दक्षिण आफ्रिकेतील चिनी मजुरांविषयी बोलताना, त्या व्यवस्थेला सरसकट गुलामगिरी म्हटल्यास 'टर्मिनॉलॉजिकल इनेक्झॅक्टिट्यूड'चा धोका संभवतो असे म्हटले. त्यांनी कोणाला खोटारडे म्हटले नव्हते, फक्त शब्दाच्या काटेकोरपणाविषयी शंका घेतली होती. पण हा शब्दप्रयोग पुढे 'खोटे' या शब्दाचा सभ्य पर्याय म्हणून रूढ झाला.

आडवळण स्वतःच्या चुकीसाठीही कामी येते. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८७ मध्ये काँग्रेससमोरील वार्षिक भाषणात, इराणच्या प्रकरणी गंभीर चुका झाल्या, असे सांगितले. कर्मणी प्रयोगामुळे चुका दिसल्या, करणारा दिसला नाही. मराठीत 'चुका झाल्या' म्हणायला कर्मणी प्रयोगाचीही गरज नाही; पाऊस झाला तशा चुका होतात. या एका बाबतीत आपली भाषा इंग्रजीच्या कितीतरी पुढे आहे.

क्रियापद न वापरता केवळ विशेषणाने नापसंती नोंदवण्याचा प्रकार तर अमर्याद आहे. विद्यार्थ्यांसाठीच्या इंग्रजी कोशांत अशा शब्दांपुढे 'डिसअप्रूव्हिंग' अशी खूण असते आणि ती वाचण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी. 'सिंपल' म्हणजे सोपे, 'सिंप्लिस्टिक' म्हणजे गुंतागुंतीकडे डोळेझाक करून सोपे केलेले. तरीही पुस्तकाची स्तुती करताना 'सिंप्लिस्टिक शैली' लिहिणारे परीक्षक मला भेटले आहेत. 'एग्रीजिअस' या शब्दाचा अर्थ मुळात कळपातून उठून दिसणारा, म्हणजे असामान्य असा चांगला होता. उपरोधाने वापरून वापरून तो आता केवळ घोर चुकीलाच लागतो. आपल्याकडे 'प्रताप' आणि 'दिवे लावणे' यांची जी गत झाली, तीच. बर्ट्रांड रसेल यांनी १९४८ साली ब्रिटिश रेडिओवर या प्रकाराची गंमत क्रियापद चालवल्यासारखी करून दाखवली होती : मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो आडमुठा मूर्ख आहे. गुण एकच, पुरुष बदलला की शब्द बदलतो.

ते चौथे पत्र आज लिहायचे झाले तर मी त्यात 'रिप्रिमँड' लिहिणार नाही, 'कंडेम'ही नाही, कारण अडकलेल्या मानधनाचा निषेध करायला मी काही सुरक्षा परिषद नाही. 'कंप्लेन अबाउट' बरोबर ठरेल, पण त्यात रडगाण्याचा सूर आहे. मी लिहीन की, तीन पत्रांना उत्तर न मिळाल्याने मी 'डिसअपॉइंटेड' आहे. हा शब्द खालचा माणूस वरच्याला, वरचा खालच्याला आणि अनोळखी माणूस अनोळखी माणसाला, असा कोणीही कोणालाही म्हणू शकतो. आणि ब्रिटिश कार्यालयात तो वाचणाऱ्याला पुरेसा टोचतो. त्यापुढे रक्कम, देयकाची तारीख आणि माझी सही, एवढेच.